मीठ, मेणबत्ती आणि भित्री उल्का

उल्काला कशाची भीती वाटते हे विचारण्यापेक्षा कशाची वाटत नाही ते विचारा, उत्तर लवकर संपेल. पाल, लिफ्ट, विमान, कुत्रं, कुत्र्याचं पिल्लू, फोनवरचा अनोळखी नंबर. आणि या सगळ्यांच्या वर, डोंगराएवढी, मेलेल्या माणसाची. पुणं सोडून सिंगापूरला आली त्याला पंचवीसेक वर्षं होऊन गेली. परदेशात राहून माणूस धीट होतो म्हणतात. कसलं काय! घरच्या भुतांवर भागलं नाही म्हणून या बाईने इथली चिनी भुतंसुद्धा दत्तक घेतली.

त्यांचा फ्लॅट बुकित बातोकला, नवव्या मजल्यावर. ब्लॉकच्या, म्हणजे इथल्या अख्ख्या इमारतीच्या, खाली खांबांमधली मोकळी जागा असते. कुणाचं लग्न तिथे, कुणाची सभा तिथे, आणि कुणी गेलं की पडदे लावून शवपेटीही तिथेच. मग दोन-चार दिवस उदबत्त्यांचा धूर, पांढरे दिवे आणि शेंगदाणे सोलत बसलेले नातेवाईक. त्या दिवसांत उल्का मागच्या बाजूने, कचराकुंड्यांच्या बाजूने वळसा घालून लिफ्ट गाठते. ओढणी नाकाला, डोळे मिटलेले, तोंडाने "श्रीराम जयराम". एकदा अशीच डोळे मिटून जाताना कुणाच्या तरी सायकलवर आपटली. गुडघा फुटला, पण पेटी दिसली नाही ना, त्यातच तिला समाधान.

नवरा श्रीनिवास सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर, स्वभावाने शांत. तो म्हणतो, "अगं, घाबरतेस काय? मी आहे ना!" मुलगी आर्या पाच वर्षांची असल्यापासून लिफ्टमध्ये आईचा हात धरून तेच म्हणायची. त्याआधी पुण्यात आई म्हणायची, आत्या म्हणायची. "घाबरू नकोस, मी आहे ना." आयुष्यभर हे वाक्य उल्काला कुणी ना कुणी ऐकवत आलं आणि बी.पी.च्या गोळीसारखं ते तिला रोज लागायचंच.

आता अशा बाईच्या वाट्याला एल्स्पेथ मॅडम याव्यात, हा देवाचा चावटपणा म्हणायचा की काय?

मॅडम मूळच्या स्कॉटलंडच्या. ऐन तरुणपणी सिंगापूरला शाळेत इंग्रजी शिकवायला आल्या आणि इथेच राहिल्या. लग्नबिग्न केलं नाही. आर्या शाळेत असताना निबंध सुधारायला त्यांच्याकडे शिकवणीला जायची. आता मॅडमची नव्वदी जवळ आलेली, नजर गेलेली, पण आवाज असा खणखणीत की अजून वर्ग शांत बसेल. बुकित तिमाहला एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. घरात जोसी नावाची फिलिपिनो बाई त्यांचं सगळं बघायची. जोसीला रविवारी सुट्टी. म्हणून रविवारी मॅडमजवळ बसायला आर्याने आईला लावून दिलं, इथल्या पोरांसारखं वाक्याच्या शेपटीला "ला" जोडत. "आई, घरी बसून घाबरण्यापेक्षा तिकडे बस ला. मिस तुला घाबरूच देणार नाहीत."

खरंच देत नसत. उल्का पेपर वाचून दाखवायची, मॅडम उच्चार सुधारायच्या. खिडकीत पाल दिसली म्हणून उल्का किंचाळली की मॅडम म्हणायच्या, "तिला माझा नमस्कार सांग आणि पुढची बातमी वाच." दोघींचं बोलणं अर्थात इंग्रजीत. पण उल्का ते सांगते मराठीत, तेव्हा आपणही मराठीतच ऐकू.

गोष्ट सुरू झाली ती मॅडम बाथरूममध्ये घसरल्या तिथून. हाड मोडलं नाही, नुसता मुका मार. पण रविवारी कपाळावरचं ते काळंनिळं टेंगूळ बघून उल्काने ठरवूनच टाकलं. ही नजर लागली! परवाच शेजारीण म्हणाली होती ना, या वयात काय तब्येत आहे तुमची म्हणून! उल्काने मागचापुढचा विचार केला नाही. मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्या मुठीत घेतल्या, मॅडमवरून ओवाळल्या, ओठातल्या ओठात पुटपुटली, आणि सगळं तापल्या तव्यावर टाकलं.

पुढे काय व्हायचं ते झालं. मिरच्यांचा खकाणा उठला, दोघींना ठसका लागला, छतावरचा धुराचा अलार्म कोकलायला लागला आणि खालचा वॉचमन अंकल आग विझवायचं नळकांडं घेऊन धापा टाकत वर आला. उल्का रडकुंडीला आली. मॅडम मात्र डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. वॉचमन गेला, खिडक्या उघडल्या, आणि मग त्यांनी विचारलं,

"मघाशी तू माझ्याभोवती काय फिरवलंस?"

उल्काने सांगितलं. दृष्ट म्हणजे काय, कशी लागते, कशी काढतात. आता ही शिकलेली बाई आपल्याला वेड्यात काढणार, असं धरूनच सांगितलं.

"याला आम्ही सेन म्हणतो," मॅडम म्हणाल्या. "सेन करणं. किती वर्षांत हा शब्द मी तोंडातून काढला नव्हता."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. शब्द फार जुना. मूळ लॅटिनमधलं. खूण या अर्थाचा तिथला जो शब्द, त्याच्यापासून इंग्रजीत साइन आला आणि फिरत फिरत स्कॉटलंडात सेन. खूण कसली, तर क्रुसाची. कपाळावर, दारावर, गाईच्या पाठीवर बोटाने क्रूस काढायचा म्हणजे वाईट काही शिवत नाही. ते झालं सेन. पुढे बायकांनी त्यात आपली भर घातली. आग आली, मीठ आलं. वर्षाच्या पहिल्या दिवशी ज्युनिपर नावाच्या झुडपाच्या फांद्या जाळून घरभर, गोठाभर धूर करायचा, माणसं खोकून बेजार होईपर्यंत.

"म्हणजे मिरच्याच!" उल्का म्हणाली.

"मिरच्याच. मग साडेचारशे वर्षांपूर्वी तिकडचा ख्रिस्ती पंथ पालटला. नवे पाद्री म्हणाले, हे क्रूस काढणं आणि धूर करणं म्हणजे अंधश्रद्धा, जादूटोणा. सेन करणाऱ्या बायकांना चर्चच्या पंचांपुढे उभं करायचे. पण बायका ऐकतात होय? पडदे ओढून घ्यायच्या आणि करायच्या. माझे वडील पाद्री होते, कडक. आणि माझी आजी डोंगरातली, तीही कडक. बाळ जन्मलं की आजी पेटती मेणबत्ती घेऊन बाळंतिणीच्या पलंगाभोवती तीन फेऱ्या मारायची. आणि माणूस गेलं की..."

इथे एक सांगायला हवं. मेलेल्या माणसाचा विषय निघाला की उल्काचे कान आपोआप मिटतात. मॅडम बोलत होत्या आणि ही तवा घासायला स्वयंपाकघरात पळाली होती, नळ सोडून, मनात श्रीराम चालू करून. परत आली तेव्हा मॅडम विचारत होत्या, "मग माझं सेन करशील? वेळ आली की?"

"अहो, वेळ कशाला बघायची? दर रविवारी करीन! फक्त मिरच्या घालणार नाही."

मॅडमनी तिचा हात शोधून घट्ट धरला. "शब्द दे."

"दिला!" उल्का म्हणाली. तिला वाटलं, दृष्टच तर काढायची आहे. त्यात काय घाबरायचं?

तेव्हापासून दर रविवारी मुठीत मीठ-मोहरी घेऊन उल्का मॅडमवरून ओवाळायची. मॅडम डोळे मिटून बसायच्या. वर्षभर असं चाललं.

मग आर्याला दिवस राहिले. आर्या आणि जावई कुशल राहतात टॅम्पिनीसला. उल्काच्या भित्यांना नवं कुरण मिळालं. पपई खाऊ नकोस, ग्रहणात सुरी धरू नकोस, तिन्हीसांजेला झाडाखालून जाऊ नकोस. आर्या म्हणायची, "आई, इथे सगळीकडे झाडंच आहेत ला. उडत जाऊ?" सातवा लागला तोच नेमका चिन्यांचा सातवा महिना आला, भुकेल्या भुतांचा. आपला पितृपंधरवडा पंधरा दिवसांत उरकतो, यांची भुतं अख्खा महिना मुक्काम करतात. ब्लॉकखाली लोखंडी पिंपांत कागदी नोटा जळायला लागल्या, रस्त्याच्या कडेला संत्री आणि उदबत्त्या मांडलेल्या. एखादं भूत घालून बघेल या धास्तीने उल्का खिडकीबाहेर बांबूवर वाळत घातलेले कपडे दुपारी चारलाच आत घ्यायला लागली.

आणि त्याच महिन्यात मॅडम अंथरुणाला खिळल्या. हॉस्पिटलने सांगितलं, आता घरीच आरामात राहू दे. चाकांचा पलंग आला, भिंतीला लावून ठेवला. आवाज खाली गेला, पण शिक्षिका ती शिक्षिकाच. एका रविवारी उल्का नेहमीसारखी मूठ भरून आली तशी मॅडम म्हणाल्या, "आज ते राहू दे. नीट ऐक. त्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात पांढरी मेणबत्ती आहे आणि माझ्या आजीची कथलाची बशी. मी गेले की मेणबत्ती पेटवायची, माझ्याभोवती तीन फेऱ्या मारायच्या, सूर्य फिरतो त्या दिशेने. मग बशीत मूठभर मीठ घालून छातीवर ठेवायचं. एवढंच. तू शब्द दिला आहेस म्हणून मी निवांत आहे."

उल्काच्या मुठीतली मीठ-मोहरी जमिनीवर सांडली. मॅडमना दिसलं नाही, पण मोहरी टणटण उडाली ती ऐकू गेली असणार.

घरी येताना बसमध्ये तिला दरदरून घाम फुटला. ओवाळायचं ते जिवंत माणसाला! वाढदिवसाला, दसऱ्याला, भाऊबीजेला. आयुष्य वाढावं म्हणून ओवाळतात. प्रेताला कुणी ओवाळतं का? प्रेताभोवती दिवा फिरवला तर ते मरण फिरवणाऱ्याच्या हाताला लागून त्याच्या घरी नाही का येणार? आणि घरी कोण आहे, तर सात महिन्यांची पोटुशी पोरगी! शिव शिव शिव. आपण हे काय कबूल करून बसलो!

श्रीनिवासला सांगितलं तर तो आधी हसला. तिचं तोंड बघून मग थांबला.

"अगं, जमणार नाही म्हणून सांगून टाक. त्या काय तुला कोर्टात खेचणार आहेत?"

"अहो, शब्द दिलाय."

"कळलं नाही म्हणून दिलास. चूक झाली. एवढी शिकलेली बाई, समजून घेतील."

आठवडाभर तिला घास गेला नाही. आर्याचा फोन आला की आधी विचारायची, "बाळ हलतंय ना?" दिवसातून पाचदा. शेवटी आर्या वैतागली, "आई, आता तूच हलायची थांब." उल्काने ठरवलं, रविवारी जायचं आणि सांगायचं. स्पष्ट सांगायचं. वाक्यसुद्धा पाठ केलं इंग्रजीत.

रविवारी ती पलंगाशी बसली. तोंड उघडणार तोच मॅडम म्हणाल्या, "माझी आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आजी मेणबत्ती घेऊन आली, तर वडिलांनी खोलीला आतून कडी घातली. माझ्या घरात हे चाळे चालणार नाहीत म्हणाले. आजी दाराबाहेर बसली. मी तिच्या मांडीवर. ती सारखी म्हणत होती, तशीच चालली गं पोर, एकटी चालली, कुणी खूण केली नाही तिच्यावर." मॅडम दम खायला थांबल्या. "मी जन्मभर पोरांना धीट व्हायला शिकवलं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण उल्का, तसं जायची मला फार भीती वाटते. उजाडायच्या आधी जाग येते आणि छाती धडधडते. जोसीला कळू देत नाही."

उल्का बघतच राहिली. मॅडमना भीती! पालीला नमस्कार सांगणाऱ्या मॅडमना! आणि ती धडधड उल्काला काय नवी होती? उजाडायच्या आधीच्या त्या भीतीचा ती कोपरान् कोपरा ओळखत होती.

पाठ केलेलं वाक्य घशातच राहिलं. पण होही म्हणवेना. ती म्हणाली, "बघू."

आपल्याकडे "बघू" म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. आणि मॅडम साठ वर्षं पोरांच्या थापा ऐकत आलेल्या. त्यांनी डोळे मिटले आणि हळूच विचारलं, "घाबरतेस ना? आर्याच्या बाळासाठी?"

उल्काला हुंदका आला.

"मग नको करू. तुझा शब्द तुला परत दिला मी. आईने असंच घाबरायला हवं. वाच आता, काय आहे पेपरात?"

उल्का सुटली. खरोखर सुटली. घरी जाताना पाय हलके झाले होते आणि स्वतःची भयंकर लाज वाटत होती, दोन्ही एकदम. रात्री ती पोटभर जेवली आणि मग रडली.

पुढच्या रविवारी दुपारी मॅडम गेल्या.

जोसी सकाळीच चर्चला गेली होती. उल्का चमच्याने पाणी पाजत होती. मॅडमनी दोन चमचे घेतले, तिसरा ओठांच्या कडेने ओघळला. उल्काने पुसला, पुन्हा पाजला, तो पुन्हा ओघळला. तेव्हा तिला कळलं. ती ओरडलीसुद्धा नाही. चमचा वाटीत ठेवला आणि उलट्या पावलांनी भिंतीला जाऊन टेकली.

डॉक्टर येऊन गेला. मॅडमचा पुतण्या स्कॉटलंडात, तिकडे नुकतीच सकाळ. तो फोनवर नम्रपणे म्हणाला, अंत्यसंस्कारवाल्यांना सांगितलं आहे, तासाभरात गाडी येईल. साधं दहन, प्रार्थनाबिर्थना काही नको, तेवढा वेळ तुम्ही थांबाल का? उल्का हो म्हणाली. जोसीचा फोन लागत नव्हता. श्रीनिवास ऑफिसच्या कामाने क्वालालंपूरला, त्याला नुसता मेसेज टाकला. जन्मात पहिल्यांदा उल्का प्रेताबरोबर एका घरात एकटी होती.

ती दार उघडं टाकून बाहेर लिफ्टपाशी जाऊन बसली. शेजारच्या दारापुढे कुणीतरी भुतांसाठी उदबत्ती लावली होती, तिचा वास नाकात जात होता.

फोन वाजला. आर्या.

"आई, बाबांचा मेसेज वाचला आत्ता. मिस गेल्या? तू एकटी आहेस तिथे? आई, तू घाबरली असशील! मी येते ग्रॅब टॅक्सीने, अर्धा तास फक्त."

"नाही!" उल्का एवढ्या जोरात ओरडली की जिन्यात घुमलं. "तू इकडे फिरकायचं नाहीस. पोटात बाळ आहे तुझ्या!"

"मग कुशलला पाठवते. कुणीतरी पाहिजे ना तुझ्याजवळ. अशा वेळी एकटं कसं..."

आर्या पुढेही काही बोलत होती. उल्काला ऐकू आलं ते तेवढंच. अशा वेळी एकटं कसं. आपल्याजवळ यायला मुलगी निघाली आहे, जावई निघेल, नवरा असता तर तोही धावला असता. आणि आत पलंगावर? आत कोण आहे त्यांच्याजवळ? मॅडमच्या वडिलांनी घातलेली कडी आज आपण बाहेरून घातली की काय?

"आर्या, कुणी यायला नको. ठेव फोन."

"पण आई..."

"ठेव म्हटलं ना!"

ती उठली. धीर आला म्हणून उठली असं समजू नका. दातांवर दात वाजत होते. कपाटाचा वरचा कप्पा उघडला. मेणबत्ती, काडेपेटी, कथलाची बशी, सगळं तिथेच. शब्द परत दिला तरी मॅडमनी वस्तू हलवायला सांगितल्या नव्हत्या.

दोन काड्या हातातच विझल्या. तिसरीने मेणबत्ती पेटली. आणि मग लक्षात आलं, पलंग भिंतीला लागलेला. फेरी मारायची कुठून? अरे देवा! तिने मेणबत्ती टेबलावर ठेवली, चाकांचा ब्रेक पायाने सोडला आणि दोन्ही हातांनी पलंग ओढला. तो हलला तसा मॅडमचा हात पांघरुणातून घसरून तिच्या मनगटावर पडला. गार. उल्काच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिचा तिलाही ओळखू आला नाही. पळून जावं असं वाटलं. पण हात तसाच लोंबत कसा ठेवायचा? तिने तो उचलला आणि पांघरुणाखाली नीट ठेवला. चार वर्षं दर रविवारी धरलेलाच तर हात होता तो.

मग मेणबत्ती घेऊन ती चालायला लागली. सूर्य फिरतो त्या दिशेने म्हणजे प्रदक्षिणेचीच दिशा, ते बरं झालं. आजीच्या बोलीतलं काहीतरी म्हणायचं असणार, पण तिला कुठलं येतंय? येत होतं तेच आलं तोंडात. "आल्यागेल्याची, भुताखेताची, पापी चांडाळाची, कुणाची दृष्ट लागू नको. इडा पिडा टळो." आवाज चिरका, शब्द अडखळत. पलंग आणि भिंतीच्या मधल्या सांदीतून जाताना ज्योत वाकली आणि मॅडमचा चेहरा हलल्यासारखा दिसला. उल्काने डोळे मिटायचे ठरवले होते. पण मिटले तर ठेचकाळून मेणबत्ती अंगावर पडेल, म्हणून उघडे ठेवावे लागले. दुसरी फेरी. तिसरी.

मग बशी. मीठ निम्मं चादरीवर सांडलं. ती बशी छातीवर ठेवायला वाकली तेव्हा मॅडमचं तोंड अगदी जवळ आलं, आणि उल्काच्या तोंडून आपोआप निघालं, "घाबरू नका हं मॅडम. मी आहे ना."

म्हणाली आणि दचकली. जन्मभर ऐकलेलं वाक्य, आज पहिल्यांदा तिने कुणाला म्हटलं होतं. ती तिथेच जमिनीवर फतकल मारून बसली आणि गाडी येईपर्यंत पलंगाचा दांडा धरून रडत राहिली.

त्यानंतर तिची भीती संपली असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्हाला उल्का कळलीच नाही. उलट दुप्पट झाली. विझवलेली अर्धी मेणबत्ती तिने घाईत पर्समध्ये टाकली होती. घरी आल्यावर डोक्यावरून अंघोळ केली, आणि तेरा दिवस टॅम्पिनीसकडे फिरकली नाही. नंतर गेली तरी लेकीला हात लावायच्या आधी साबणाने दोनदा धुवायची. मेणबत्ती ब्लॉकखालच्या पिंपात जाळून टाकायला म्हणून ती दोनदा खाली उतरली, आणि दोनदा तशीच वर घेऊन आली. टाकवेना. बाळंतपणाच्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर बसून ती एकच हिशेब मांडत होती. आपण प्रेताला ओवाळलं. काही झालं तर ते आपल्यामुळे.

मुलगी झाली. छान, गुबगुबीत, भसाड्या आवाजाची. उल्काचा विश्वास बसेना. बोटं मोजली, पायाची मोजली, पुन्हा मोजली.

बाळ घरी आलं त्या दुपारी आर्या पलंगावर बाळाला घेऊन पडली होती. तिचे डोळे सुजलेले. बाळ तासभर रडत होतं आणि आर्याही.

"आई, मला हे जमेल का गं? मला खूप भीती वाटते. हिला काही झालं तर?"

ही आर्या! लिफ्टमध्ये आईचा हात धरणारी! उल्का पुढे झाली आणि तिच्या केसांवरून हात फिरवला.

"आई," आर्या नाक पुसत म्हणाली, "मिसची ती कॅन्डल तुझ्याकडे आहे ना?"

उल्काचा हात जागीच थांबला. "तुला कुणी सांगितलं?"

"मिसनीच. शेवटच्या फोनवर. म्हणाल्या, तुझी आई माझं सेन करणार नाही म्हणते, पण ती करेल. आणि केलं तर उरलेली मेणबत्ती तुझ्या बाळासाठी. त्यांच्याकडे एकाच आगीने दोन्ही करायचे म्हणे, आलेल्याचं पण आणि गेलेल्याचं पण. मिसची आजी म्हणायची, दोघं एकाच दारातून जातात, दोघांनाही सारखीच भीती वाटते." आर्याने बाळाला छातीशी घेतलं. "तू कर ना आमचं. धुराचा अलार्म वाजला तर वाजू दे ला."

प्रेताची मेणबत्ती. बाळाला! उल्काच्या काळजाचं पाणी पाणी झालं. कुणाला विचारलं तर शंभरातले शंभर जण नको म्हणतील. तिची आई नको म्हणाली असती, आत्या तर हाणूनच काढती. मग तिने पर्सच्या तळातून मेणबत्ती काढली. तिने पलंगाकडे पाहिलं आणि जावयाला हाक मारली.

"कुशल, जरा इकडे ये. हा पलंग भिंतीपासून ओढ."